शमादाने, फ्रेंच (मुलामी ब्राँझ व संगमरवराची)

शमादाने, फ्रेंच (मुलामी ब्राँझ व संगमरवराची) : मेणबत्त्या लावण्यासाठी दोन वा अधिक फांद्या असलेले, मेजावर, भिंतीलगतच्या चौरंगीवर किंवा शेकोटीच्या कठड्यावर ठेवावयाचे शोभिवंत दीपसाधन. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पॅरिसमध्ये सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझ आणि संगमरवर यांच्या संयोगातून या साधनांची विपुल निर्मिती झाली. यूरोपीय उपयोजित कलेच्या इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. तथापि त्यांचे मूल्यमापन बहुधा सोन्याच्या झळाळीवर किंवा एखाद्या नामांकित कारागिराच्या नावावर केले जाते. वस्तुतः त्यांची गुणवत्ता धातूच्या पृष्ठभागावरील हातकामात आणि त्या कामाचा मेणबत्तीच्या हलत्या प्रकाशाशी साधलेल्या मेळात आहे. हा निकष लावल्यास या कलेतील श्रेष्ठ व कनिष्ठ वस्तूंचा क्रम रूढ क्रमाहून बराच वेगळा ठरतो.

स्वरूप व प्रकार : एकाच मेणबत्तीच्या उभ्या बैठकीस फ्रेंचमध्ये फ्लांबो, हाती धरून नेण्याच्या ठेंगण्या बैठकीस बूझ्वार, भिंतीवर बसविलेल्या दीपशाखेस ब्रा द ल्यूम्येर, तर अनेक फांद्यांच्या उभ्या साधनास कांदेलाब्र किंवा झिरांदोल म्हणतात. शमादानाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : जोते अथवा बैठक, मधला खांब, कुंभ किंवा मूर्ती, आणि त्यातून वर निघणाऱ्या फांद्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला मेणबत्तीची खोबण व तिच्याभोवती वितळलेले मेण झेलणारी बशी असते. शमादाने सहसा जोडीने घडविली जात. शेकोटीच्या कठड्यावर मध्यभागी घड्याळ आणि दोन बाजूंस एकेक शमादान ही मांडणी फ्रेंच दिवाणखान्यात रूढ झाली. मागे आरसा असल्यामुळे जोडीच्या चार प्रतिमा होत व प्रकाशही दुणावत असे. वस्तूची मागील बाजू आरशात दिसत असल्याने तिचेही काम समोरच्या बाजूइतकेच काळजीपूर्वक करावे लागे.

तंत्र : ज्यास ब्राँझ म्हटले जाते ती मिश्रधातू अठराव्या शतकातील फ्रेंच कामात पुष्कळदा पितळेच्या जवळची असे, तीत तांब्याबरोबर जस्ताचे प्रमाण बरेच, तर कथिल व शिसे अल्प असे. मूर्तिकाराने केलेल्या नमुन्यावरून वाळूच्या साच्यात निरनिराळे भाग सुटे ओतले जात. साच्यातून निघालेला भाग खडबडीत असतो. छिन्न्या, ठसे व कानशी यांच्या साहाय्याने त्याच्यावर पानांच्या शिरा, केसांच्या बटा, पिसे, वस्त्रांच्या घड्या इ. बारकावे उमटविण्याच्या कामास सीझल्यूर म्हणतात. या छिन्नीकामात धातूचा पृष्ठभाग अक्षरशः नव्याने घडविला जाई. एकाच साच्यातून निघालेल्या दोन वस्तूंमध्ये जो गुणात्मक फरक आढळतो, त्याचे कारण बहुतांशी हेच असते.

यानंतर मुलाम्याची क्रिया होई. सोन्याची पूड पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखे पारदमेल तयार करीत. पाऱ्याच्या नायट्रेटाने धुतलेल्या धातूवर ते तारेच्या कुंचल्याने लावीत आणि वस्तू कोळशाच्या निखाऱ्यांवर तापवीत. सु. ३५७° से. तापमानाला पारा उकळून वायुरूपाने निघून जाई व सोने धातूला घट्ट चिकटून राही. अपेक्षित जाडी येईपर्यंत ही क्रिया पुनःपुन्हा करावी लागे. शेवटी काही भाग अकीक किंवा हेमॅटाइट या दगडांनी घोटून आरशासारखे चकचकीत करीत, तर उरलेल्या भागांना क्षारांची प्रक्रिया करून मंदकांती, मखमलीसारखा पोत देत. घोटीव व मंदकांती पृष्ठभागांची ही योजना म्हणजे फ्रेंच मुलामेकारांची खरी भाषा होय. पारदमेलाने मुलामा देण्याची क्रिया मुळात फार प्राचीन असून आशियातही ती प्रचलित होती. नेपाळमधील बौद्ध धातुमूर्ती हे तिचे सुपरिचित उदाहरण आहे. मात्र दोन प्रकारच्या झळाळीतील सूक्ष्म भेदांचा जितका पद्धतशीर उपयोग पॅरिसच्या कारागिरांनी केला, तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. स्वस्त वस्तूंना मुलाम्याऐवजी सोनेरी रोगणाचा हात दिला जाई.

कारागिरांनी मोजलेली किंमत : या झळाळीमागे मोठी मानवी हानी होती. निखाऱ्यांवरून उठणारी पाऱ्याची वाफ मुलामेकारांच्या श्वासावाटे शरीरात जाई. हातपायांना सुटणारा कंप, हिरड्यांचे विकार, दात गळणे, मानसिक अस्थैर्य आणि अकाली मृत्यू हे या व्यवसायाचे परिचित परिणाम होते. स्वतः ब्राँझकाम करणारा व त्या धंद्यात संपन्न झालेला आंत्वान आंद्रे राव्रियो (१७५९–१८१४) याने मुलामेकारांना पाऱ्यापासून वाचविण्याचा उपाय शोधणाऱ्यास ३,००० फ्रँकचे पारितोषिक देण्याची तरतूद आपल्या मृत्युपत्रात केली. ते रसायनशास्त्रज्ञ झां प्येर झोझेफ दार्से (१७७७–१८४४) याला मिळाले. वाफ धुराड्यातून जोराने वर खेचून नेणाऱ्या भट्टीची त्याने केलेली योजना १८१८ मध्ये प्रबंधरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे धोका कमी झाला, नाहीसा मात्र झाला नाही. १८४० नंतर इंग्लंडमध्ये एल्किंग्टन व फ्रान्समध्ये र्‍युओल्झ यांच्या विद्युत् विलेपनाच्या पद्धती पुढे आल्या व पाऱ्याविना मुलामा देणे शक्य झाले. विलेपनाचा थर पातळ व सर्वत्र सारखा बसतो; त्याला पारदमेलाच्या मुलाम्याची खोली येत नाही. त्यामुळे उत्तम दर्जाच्या वस्तूंसाठी जुनी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही वापरात राहिली. ग्राहकांच्या नजरेला रुचणारा एक विशिष्ट पोत टिकविण्यासाठी घातक पद्धत टिकून राहिली, ही या कलेच्या इतिहासातील वस्तुस्थिती तिच्या रसग्रहणातून वगळता येत नाही.

श्रेणी व कर्तृत्व : शमादान ही एका हाताची निर्मिती नसते. पॅरिसमध्ये ओतारी व मुलामेकार यांच्या स्वतंत्र श्रेणी होत्या आणि परस्परांच्या हक्कांवरून त्यांच्यात वारंवार तंटे होत. १७७६ मधील पुनर्रचनेत त्या एकत्र आल्या आणि क्रांतिकाळात, १७९१ मध्ये, श्रेणिव्यवस्थाच संपुष्टात आली. नमुना मूर्तिकाराचा, संगमरवर पाथरवटाचा, ओतकाम ओताऱ्याचे, पृष्ठभाग छिन्नीकाराचा आणि सोने मुलामेकाराचे असे. या सर्वांना एकत्र आणून वस्तूची कल्पना ठरविणारा व ती श्रीमंत ग्राहकांपर्यंत पोहोचविणारा पुष्कळदा शोभावस्तूंचा व्यापारी (मार्शां मेर्स्ये) असे. लाझार द्यूव्हो, सीमाँ फिलिप प्वार्ये व दोमिनिक दागेर हे या व्यापाऱ्यांपैकी प्रमुख होत. फर्निचरवर सुतारांची नाममुद्रा जशी असे, तशी ब्राँझकामावर सहसा नसे. १७४५ ते १७४९ या काळातील काही वस्तूंवर मुकुटयुक्त ‘सी’ या अक्षराचा ठसा आढळतो. पण तो कराचा ठसा असून कर्त्याची खूण नव्हे. परिणामी कर्तृत्वाचा निर्णय हिशेबवह्या, लिलावांच्या सूची व राजवाड्यांच्या दफ्तरांवरच अवलंबून राहतो. एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक उत्कृष्ट कामाला प्येर गूत्येर याचे नाव चिकटविण्याची प्रथा पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दफ्तरसंशोधनाने तिला आळा घातला व फ्रांस्वा रेमाँ (सु. १७४७–१८१२) यांसारख्या विस्मृत कारागिरांना त्यांचे श्रेय मिळू लागले.

शैलींचा विकास : पंधराव्या लुईच्या कारकीर्दीत (१७१५–७४) प्रथम रोकोको शैलीचा प्रभाव होता. झ्यूस्त ऑरेल मेसोन्ये (१६९५–१७५०) याच्या आराखड्यावरून क्लोद द्यूव्हिव्ह्ये याने १७३४-३५ मध्ये घडविलेले चांदीचे शमादान (म्यूझे देझार देकोरातीफ, पॅरिस) हे या शैलीचे परमोच्च उदाहरण मानले जाते. त्यात बैठक, खांब व फांद्या यांना वेगळे अस्तित्वच नाही. सर्व वस्तू एखाद्या भोवऱ्यासारखी एकाच गतीने वर चढते. झाक काफ्येरी (१६७८–१७५५) याच्या ब्राँझकामातही हीच प्रवाहिता दिसते. अशा रचनेत संगमरवराला वाव नव्हता. दगड हा स्थिर व वजनदार पदार्थ असून वळणाऱ्या, असममित आकाराशी त्याचा मेळ बसत नाही.

सु. १७६० नंतर नव-अभिजाततावादी शैलीने हे चित्र पालटले. सरळ रेषा, सममिती आणि ग्रीक-रोमन वास्तुशिल्पातील अलंकरण यांचा स्वीकार झाल्यावर शमादानाचे भाग पुन्हा सुटे झाले आणि मधल्या भागासाठी संगमरवराचा कुंभ वा स्तंभखंड योजण्यात येऊ लागला. कारारा येथील पांढरा संगमरवर, निळसर करड्या रंगाचा ब्ल त्युर्कँ, लांगदॉक प्रदेशातील तांबडा ग्रियोत, तसेच प्राचीन स्तंभ कापून मिळविलेला ईजिप्तचा पॉर्फिरी हे दगड विशेष लोकप्रिय झाले. या संयोगाने एक नवी समस्याही निर्माण केली. दगडावर सोने चढत नाही आणि दगडातून फांदी उगवू शकत नाही; दोन परकी द्रव्ये केवळ आतून जाणाऱ्या लोखंडी सळईने जखडलेली असतात. हा सांधा कसा हाताळला आहे, ही या काळातील शमादानाची खरी कसोटी होय. सामान्य कामात कुंभाच्या तोंडात फांद्यांचा जुडगा खोचल्यासारखा दिसतो. उत्तम कामात मण्यांची वा गोफाची एक बारीक घोटीव पट्टी दगडाची कड बंद करते, तीवरून अकँथसची मंदकांती पाने उलगडतात आणि त्यांतून लिली, गुलाब वा अफूच्या फुलांचे देठ फांद्यांच्या रूपाने वर येतात. दगडाचे मौन व धातूची वाढ यांतील विरोध लपविण्याऐवजी येथे तो अर्थपूर्ण केलेला असतो.

या पर्वातील अग्रगण्य कारागीर म्हणजे प्येर गूत्येर (१७३२–१८१३). १७५८ मध्ये तो मुलामेकारांच्या श्रेणीत दाखल झाला. पुढे तो राजाचा छिन्नीकार व मुलामेकार बनला. मंदकांती मुलाम्याच्या तंत्राचे श्रेय परंपरेने त्यालाच देण्यात येते. दगडी कलावस्तूंचा मर्मज्ञ संग्राहक द्यूक दोमाँ आणि लूव्हस्येन येथील वाड्यासाठी काम देणारी मादाम द्यू बारी हे त्याचे प्रमुख आश्रयदाते होते. दोमाँच्या मृत्यूनंतर १७८२ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. लिलावाच्या सूचीत गूत्येरच्या कामांपुढे ‘जी’ हे अक्षर छापण्यात आले होते; अनेक वस्तू सोळावा लुई व मारी आंत्वानेत यांनी विकत घेतल्या. एका ब्राँझ-कारागिराचे नाव वस्तूचे मूल्य वाढविते, हे तेथे जाहीरपणे मान्य झाले. तथापि नावलौकिकाने त्याला तारले नाही. १७८७ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. द्यू बारीकडे त्याचे मोठे येणे थकले होते. १७९३ मध्ये तिला मृत्युदंड झाला आणि गूत्येर अखेरीस दारिद्र्यात मरण पावला. त्याच्या कामातील पाने, वेली व पिसे यांना जिवंतपणाचा जो भास आहे, तो निव्वळ बारकाईतून आलेला नाही. कोठे थांबावे, कोठे पृष्ठभाग शांत ठेवावा आणि कोणत्या एका कडेवर घोटीव चमक द्यावी, याच्या अचूक जाणिवेतून तो आलेला आहे. २०१६-१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनने व त्यानंतर पॅरिसमध्ये भरविण्यात आलेल्या त्याच्या कामाच्या प्रदर्शनाने हे वैशिष्ट्य पुन्हा अभ्यासकांच्या नजरेस आणले.

याच सुमारास मूर्तियुक्त शमादानेही पुढे आली. क्लोद्याँ (१७३८–१८१४) या मूर्तिकाराच्या शैलीतील अप्सरा, मद्यदेवतेच्या सेविका वा बालके गडद ब्राँझमध्ये घडवून त्यांच्या हाती मुलामी फांद्या देण्यात येत आणि त्यांना संगमरवरी गोल जोत्यावर उभे करण्यात येई. प्येर फिलिप तॉमीर (१७५१–१८४३) याने सेव्ह्र येथील चिनी मातीच्या कारखान्यासाठी केलेल्या कामातून लौकिक मिळविला. अमेरिकी स्वातंत्र्याच्या स्मरणार्थ १७८५ मध्ये घडविलेले, चिनी माती व मुलामी ब्राँझ यांचे शमादान (व्हर्साय) हे त्याचे प्रसिद्ध काम. क्रांतीनंतर १७९३-९४ मध्ये व्हर्सायमधील सामानाचा लिलाव झाला व अशा वस्तू यूरोपभर पांगल्या.

नेपोलियनच्या काळातील एंपायर शैलीला शार्ल पेर्स्ये (१७६४–१८३८) व प्येर फाँतेन (१७६२–१८५३) यांच्या आराखड्यांनी आकार दिला. पंख पसरलेली विजयदेवता, ईजिप्शियन वेशातील स्त्रिया, स्फिंक्स, मशाली व लॉरेलची चक्रे हे तिचे आवडते विषय. १८०४ मध्ये तॉमीरने लिन्यरोचा व्यवसाय विकत घेतला व शेकडो कामगारांचा मोठा कारखाना उभा केला. गडद ब्राँझची मूर्ती व सोनेरी फांद्या यांतील तीव्र भेदामुळे एंपायर शमादानांची बाह्याकृती दुरूनही ठसठशीत दिसते, हा त्यांचा गुण. परंतु मूर्ती पुतळ्यासारखी ताठ उभी राहते व फांद्या तिच्या डोक्यावर वा हातांत ओझ्यासारख्या ठेवल्या जातात. दीपसाधन हे राजसत्तेचे चिन्ह बनले आणि पृष्ठभागाची मृदू भाषा मागे पडली.

दुसऱ्या साम्राज्याच्या काळात (१८५२–७०) सम्राज्ञी युजेनी हिच्या मारी आंत्वानेतविषयीच्या भक्तिभावामुळे सोळाव्या लुईच्या शैलीचे पुनरुज्जीवन झाले. फेर्दिनां बार्बद्येन (१८१०–९२), आंरी दासाँ (१८२५–९६), आल्फ्रेद बर्दले (१८४७–१९१९) व फ्रांस्वा लिंके (१८५५–१९४६) यांच्या कारखान्यांनी जुन्या नमुन्यांच्या प्रती व स्वतंत्र कामेही घडविली. आशील कोलास याच्या यंत्रामुळे मूर्तीची प्रमाणबद्ध लहान प्रत काढणे सोपे झाले होते, तर फ्रेंच अंमलाखालील अल्जीरियातून येणारा ऑनिक्स संगमरवर या कामांत मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. या कारखान्यांच्या वस्तूंना सरसकट नक्कल म्हणून हिणविणे अन्यायाचे आहे. दासाँ आपल्या कामांवर नाव व वर्ष कोरीत असे आणि त्याचे छिन्नीकाम अठराव्या शतकातील चांगल्या कामाच्या तोडीचे आहे. या पर्वाचा दोष कौशल्याच्या अभावात नसून त्याच्या अतिरेकात आहे. प्रत्येक पान, प्रत्येक मणी सारख्याच निष्ठेने पूर्ण केल्यामुळे गौण-प्रधान भाव नाहीसा होतो आणि नजरेला विसावा मिळत नाही.

प्रकाश व रूप : शमादानाचे परीक्षण दिवसाच्या किंवा विजेच्या सम प्रकाशात करणे म्हणजे वाद्य न वाजविता त्याची पारख करणे होय. मेणबत्तीची ज्योत लहान, पिवळसर व सतत हलणारी असते. तिच्या प्रकाशात मंदकांती पृष्ठभाग ऊबदार छायेत राहतो, तर घोटीव कडांवर क्षणोक्षणी प्रकाशाच्या रेषा उमटतात व विझतात. पांढऱ्या संगमरवराच्या पृष्ठभागाखाली प्रकाश किंचित झिरपतो व शेजारच्या सोन्याची छटा त्यावर पसरते. स्थिर धातूला चालना देणारी ही योजना ध्यानी घेतल्याशिवाय अठराव्या शतकातील कारागिरांचा संयम समजत नाही. १७८० नंतर आर्गां दिवा, पुढे वायुदीप व अखेरीस वीज आल्यावर शमादानाचे मूळ प्रयोजन क्षीण झाले. उत्तरकालीन कामांत सर्व पृष्ठभाग सारखाच चकाकतो, याचे एक कारण कारागिरासमोर ज्योतच उरली नव्हती, हेही आहे. अनेक जुन्या शमादानांना भोके पाडून विजेच्या तारा घालण्यात आल्या. त्यामुळे धातूची हानी झाली आणि मंदकांती मुलाम्याचा हेतूही हरपला.

अस्सलपणा व जतन : वस्तूचा काळ ठरविताना क्ष-किरण अनुस्फुरण पद्धतीने धातूतील घटक व मुलाम्यात राहिलेला पारा ओळखता येतो. पारा आढळल्यास ती वस्तू विद्युत् विलेपनाने मढविलेली नाही, एवढेच बहुधा सिद्ध होते. ती अठराव्या शतकातील आहे असे सिद्ध होत नाही. सुट्या भागांची जोडणी, स्क्रूंचे आटे, दगड कापल्याच्या खुणा, मागील बाजूचे काम आणि छिन्नीकामाची लय यांचा एकत्रित विचार करावा लागतो. तीव्र रसायनांनी वा पॉलिशने केलेली सफाई हा या वस्तूंचा मोठा शत्रू होय. मंदकांती थर एकदा घासला गेला की तो परत आणता येत नाही. लंडनचे वॉलेस कलेक्शन, पॅरिसचे लूव्ह्‌र, व्हर्सायचा राजवाडा, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्यूझीयम व लॉस अँजेल्सचे गेटी म्यूझीयम येथे फ्रेंच मुलामी ब्राँझकामाचे महत्त्वाचे संग्रह आहेत.

मूल्यमापन : या कलेवर दोन आक्षेप घेतले जातात. ही कला मूठभर उमरावांच्या ऐषारामाची होती, हा पहिला. आणि साध्या उपयोगावर तिने अलंकाराचा भार लादला, हा दुसरा. पहिला आक्षेप खरा आहे व मुलामेकारांच्या व्याधींनी तो अधिकच तीव्र होतो. दुसरा मात्र उत्तरकालीन वस्तूंनाच लागू पडतो. १७७० ते १७९० या दोन दशकांतील उत्तम शमादानांत अलंकरण हा भार नसून प्रकाश देण्याच्या कार्याचाच भाग आहे. ज्योतीचे तेज झेलून, गाळून, खोलीभर पसरविण्याचे काम तेथे प्रत्येक पान करते. संगमरवर त्याला स्थैर्य देतो, सोने ऊब देते, परंतु त्या दोहोंना अर्थ प्राप्त होतो तो निनावी छिन्नीकाराच्या हातामुळे. सोने किती आणि नाव कोणाचे, हे प्रश्न लिलावगृहाचे आहेत. पृष्ठभागावर हात कोठे थांबला व प्रकाशाला कोठे वाट करून दिली, हा कलासमीक्षेचा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यास या वस्तूंतून केवळ वैभवाचा नव्हे, तर ज्यांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत अशा कारागिरांच्या विवेकाचाही प्रत्यय येतो.